पासंग, पायली आणि मायक्रॉन

चाकणच्या बाजार आवारात कांद्याच्या ढिगापुढे उभा राहिलेला जुना व्यापारी एक कांदा उचलतो, अंगठ्याने त्याची मान दाबतो, सुटलेले पापुद्रे चोळून रंग निरखतो आणि हा गोळा, ही गोल्टी, हा बदला, असा निवाडा करून मोकळा होतो. काट्यावर वजन व्हायचे ते त्यानंतर. तेथून थोड्याच अंतरावर, एके काळी शेती असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात, तपासणीला बसलेला कामगार नुकताच यंत्रावरून उतरलेला दांडा गेजने पडताळतो: गेजचे एक तोंड दांड्यावरून सरकले पाहिजे, दुसरे अडले पाहिजे. दोघांच्याही तोंडून आकडा निघालेला नसतो, तरी मोजणी पुरी झालेली असते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात मोजमापाच्या शब्दांचा धांडोळा घेऊ जाता असे ध्यानात येते की, नजरेने जोखणे आणि काट्याने तोलणे या दोन क्रियांची फारकत मराठीने कधी होऊच दिली नाही.

शब्दांची कुळे मात्र नाना देशींची. 'माप', 'तोल', 'मोल' हे संस्कृत वंशाचे. 'वजन', 'किंमत', 'कयास' हे मूळचे अरबी, फारसीच्या हाताने आलेले. 'तराजू' आणि 'अंदाज' अस्सल फारसी. तीरंदाज, गोलंदाज या शब्दांत टाकणारा या अर्थी जो 'अंदाज' आहे त्याचाच हा सोयरा. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात यावनी शब्दांना संस्कृत पर्याय योजले गेले, आणि त्याच्या दहा वर्गांपैकी शेवटचा पण्यवर्ग तर बाजाराकरिताच होता; तथापि दरबारी लेखनात जे साधले ते पेठेत साधले नाही, आणि 'वजन' व 'किंमत' हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवर घरच्यासारखे राहिले.

या सर्वांत मला अधिक मोलाचा वाटतो तो 'पासंग'. तराजूची दोन पारडी समतोल नसली म्हणजे हलक्या पारड्याच्या बाजूस जो लहानसा दगड बांधतात, तो पासंग. मोजण्याच्या साधनातच उणेपण असू शकते आणि माल पारड्यात घालण्यापूर्वी ते भरून काढले पाहिजे, हे शहाणपण एका शब्दात साठलेले आहे. भोसरीच्या कारखान्यात मायक्रोमीटर हाती घेताच प्रथम त्याचे शून्य जुळते की नाही हे पाहतात, ते याहून निराळे नव्हे. एखादा दुसऱ्याच्या 'पासंगालाही पुरणार नाही' असे आपण सहज म्हणतो, पण तो दगड पाहिलेली माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

धान्याची मापे याच वाटेने गेली. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, ही उतरंड पाठ असलेल्या घरांत खळ्यावरचे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. पुढे दोन, तीन. काही ठिकाणी सोळा पायल्यांचाही मण असे, त्यामुळे व्यवहारात मण सांगून भागत नसे, तो कोठला हेही सांगावे लागे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हा बदल न्याय्यच होता, कारण गावोगाव बदलणाऱ्या मापांत नाडला जाई तो शेतकरीच. पण 'पैशाला पासरी' म्हणणाऱ्या आजच्या मुलाला पासरी म्हणजे पाच शेर हे कोणी सांगितलेले नसते, आणि 'तसूभरही हटणार नाही' अशी गर्जना करणाऱ्या वक्त्याला तसू हा गजाचा चोविसावा भाग हे ठाऊक असतेच असे नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र जुना शब्द नुसता टिकला नाही, तो कायद्याच्या नावात जाऊन बसला. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १०८९ चौरस फूट. कारखान्यांच्या पाठोपाठ कामगार आले, शेते गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, आणि त्या वस्त्यांसाठी २००१ साली राज्याने जो अधिनियम केला त्याचे नावच गुंठेवारीचे. पिकाची आणेवारी नव्या नाण्याबरोबर पैसेवारी झाली, परंतु तिच्या पहिल्या टप्प्याला महसूल दफ्तर आजही 'नजरअंदाज' म्हणते. पीक कापणीचे प्रयोग होऊन अंतिम आकडा लागतो तो मागाहून. टंचाईचा निर्णय दीर्घकाळ पन्नास पैशांच्या रेषेवर होत आला, आणि त्या रेषेपर्यंत पोहोचणाऱ्या सरकारी मोजणीची पहिली पायरी नजर हीच ठरली.

कारखान्यांनी भाषेत काय भर घातली? इंचाचा आठवा भाग ते 'सूत', हे सुतार आणि फिटर यांचे समाईक धन. इंचाचा हजारावा भाग तो जुन्या फिटरांचा 'थाउ'. आणि मिलिमीटरचा हजारावा भाग तो मायक्रॉन, जो आता चाकणच्या शेतकऱ्याचा मुलगा वडिलांच्या 'क्विंटल'इतक्याच सहजतेने उच्चारतो. याहून नवलाची गोष्ट पिंपरीत घडली. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्याची मात्रा वजनाने नव्हे तर युनिटांनी सांगितली जाई. एक युनिट म्हणजे शुद्ध सोडियम पेनिसिलिनच्या ०.६ मायक्रोग्रॅमाचा प्रभाव. भार किती यापेक्षा जंतूंवर गुण किती येतो, यावर ती मोजणी उभी. सोन्याचे वजन वेगळे आणि कस वेगळा, हे आपल्या सराफाने पूर्वापार ओळखले होते. प्रयोगशाळेत तोच कस निराळ्या वेषात आला.

म्हणूनच जुन्या मापाड्यांची, सराफांची आणि फिटरांची बोली एकत्र संकलित करण्याचे काम या पट्ट्यात अग्रक्रमाने व्हावयास हवे, आणि ते परिभाषा समित्यांवर सोपवून होणारे नाही. वाचकांच्या घरी माळ्यावर एखादी पायली, मापटे किंवा चिपटे असेल, तर ते खाली काढावे, त्यात किती ग्रॅम ज्वारी मावते ते आजच्या काट्यावर तोलावे, घरातील वडीलधाऱ्यांना त्याचे नाव व गाव विचारावे आणि तारीख घालून लिहून ठेवावे.