सिकलसेल : लक्षणे आणि धोक्याच्या खुणा

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकारात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, सदोष तयार होते. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सुमारे १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. जन्मतः बाळ निरोगी दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काही महिने त्याचे रक्षण करते. ते ओसरल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, हातापायांचे पंजे सुजतात, स्पर्श होताच बाळ कळवळते, आणि पुष्कळदा हेच पहिले लक्षण ठरते. पुढे रक्तक्षय, डोळ्यांत पिवळेपणा, खुंटलेली वाढ आणि हाडे, सांधे, पाठ वा पोटात वारंवार उठणाऱ्या असह्य कळा दिसतात. थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे त्या उफाळतात. बाहेरून काहीच दिसत नसल्याने या वेदनेला कामचुकारपणा समजले जाते, हा रुग्णावरचा मोठा अन्याय आहे. सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती केवळ वाहक असते आणि तिला सहसा त्रास होत नाही, पण दोन वाहकांच्या अपत्याला हा विकार होऊ शकतो, त्यामुळे विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. रुग्णाला ताप येणे, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी फिकटपणा येऊन डाव्या बरगडीखाली प्लीहा (पानथरी) फुगणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.