गाडीची वाट पाहताना

पैसे भरले, पावती मिळाली. परंतु गाडी कोठे? एके काळी भारतातील मोटार-ग्राहकाचा हा नित्याचा प्रश्न होता. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यान्वये कारखान्याने किती गाड्या बनवाव्यात, यावर सरकारी परवान्याची मर्यादा असे. साहजिकच मागणी वाढली, की वाढे ती प्रतीक्षायादी. १४ डिसेंबर १९८३ रोजी, दिल्लीलगतच्या गुडगावात तयार झालेल्या पहिल्या मारुतीच्या किल्ल्या इंदिरा गांधींनी ग्राहकाच्या हाती दिल्या, तेव्हाही त्याच्यामागे सहस्रावधी नावे तिष्ठत होती. १९९३ मध्ये मोटारींवरील परवान्याचे बंधन उठले आणि रांग ओसरली. २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपांच्या टंचाईने ती पुन्हा लांबली. श्रोतेहो, विलंब सोसवतो. आपली पाळी केव्हा येणार, हे न कळणे मात्र सोसवत नाही.