इंग्रजी वाक्प्रचारांतील वस्त्रे

गेल्या श्रावणात आम्ही काही विद्यार्थ्यांसह बीडजवळील कपिलधार येथे गेलो होतो. बालाघाटाच्या डोंगरकुशीतील हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान होय. कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते आणि पावसाळ्यात धबधबा पाहावयास पुष्कळ लोक येतात. वाट निसरडी होती. आमच्या पुढे चाललेल्या एका वृद्ध बाईंनी पदर खोचला आणि ‘कसा आता कंबर’ असे सुनेस सांगून त्या झपझप निघाल्या. तोच आमच्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, कंबर कसणे याला इंग्रजीत काय म्हणावे?’’

या प्रश्नाने आम्हांस विशेष आनंद झाला. कारण, याच मुलाने एकदा वर्गात ‘हिज हार्ट सँक इंटू हिज बूट्स’ या वाक्याचे भाषांतर ‘त्याचे हृदय त्याच्या बुटांत बुडाले’ असे केले होते. वर्ग खो खो हसला, आणि पुढे महिनाभर इंग्रजीच्या तासास त्याने तोंड उघडले नाही. ‘त्याच्या तोंडचे पाणी पळाले’ एवढाच त्या वाक्याचा आशय. परंतु हसण्यासारखा दोष त्या मुलाचा नव्हता. ‘मावशीने पोरक्या भाच्यास पदरात घेतले’ हे वाचून एखादा इंग्रज असे समजेल की, मावशीने भाच्यास लुगड्यात गुंडाळले. ‘दुकानदाराने मला टोपी घातली’ हे ऐकून तो त्या दुकानदाराच्या औदार्याची स्तुतीही करील! शब्द कळले म्हणजे वाक्प्रचार कळला असे होत नाही.

वाक्प्रचार हा लोकांच्या चालीरीतींतून जन्मतो. ज्यांचा वेष जसा, त्यांची बोलणी तशी. इंग्रज मनुष्य कामास लागताना अस्तन्या वर सारतो, म्हणून तो ‘रोल अप युवर स्लीव्ह्ज’ असे म्हणतो. परंतु त्याच्याच भाषेत ‘गर्ड अप युवर लॉइन्स’ असाही जुना प्रयोग आहे आणि तो शब्दशः ‘कंबर कसा’ असाच आहे. हा प्रयोग पवित्र शास्त्रातून आला असून १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात आढळतो. इब्री लोक पायघोळ झगे वापरीत, आणि धावताना अथवा काम करताना ते कमरेशी खोचून घेत. म्हणजे कपिलधारच्या त्या वृद्ध बाईंनी जे केले तेच!

काही वाक्प्रचार दोन्ही भाषांत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ म्हणजे आपला शिरपेचातील तुरा. ‘टर्नकोट’ म्हणजे कोट उलटा करणारा, अर्थात आपला पक्ष सोडून दुसऱ्यास मिळणारा. आपल्याकडे अशा मनुष्याने ‘पगडी फिरविली’ असे म्हणत. ‘टू वॉश वन्स डर्टी लिनन इन पब्लिक’ म्हणजे घरची भांडणे चव्हाट्यावर आणणे.

काहींचा वेष निराळा, परंतु आशय एकच. ‘कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ’ असे इंग्रज शिंप्याच्या दुकानातून सांगतो. आपण तेच ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे सांगतो. ‘इफ द कॅप फिट्स, वेअर इट’ म्हणजे खाई त्याला खवखवे. ‘अ वुल्फ इन शीप्स क्लोदिंग’, म्हणजे मेंढराच्या वेषातील लांडगा, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील ७ व्या अध्यायावरून आलेला प्रयोग. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ या म्हणीत तोच दंभ दिसतो. ‘टू थ्रो डाऊन द गॉन्टलेट’ म्हणजे आव्हान देणे. युरोपातील योद्धा प्रतिपक्षापुढे आपला लोखंडी हातमोजा टाकी, आणि तो उचलणारा युद्धास सिद्ध झाला असे मानीत. आपल्याकडे विडा उचलीत. भेद इतकाच की, हातमोजा वैऱ्यासाठी असे, तर विडा एखाद्या अवघड कामासाठी.

परंतु काही ठिकाणी फसगत होण्याचे भय असते. ‘आय टेक ऑफ माय हॅट टू यू’ याचा अर्थ ‘तुमच्या थोरवीपुढे मी नम्र होतो’ असा आहे. इंग्रजांत आदर दाखविण्यास डोक्यावरील टोपी काढीत. आपल्या वाडवडिलांच्या रिवाजाप्रमाणे पागोटे डोक्यावर राही आणि पायांतील जोडे दाराबाहेर. कोणाची पगडी उतरविणे म्हणजे तर त्याचा अपमान करणे! येथे शब्दशः भाषांतर केल्यास आदराचा अनादर होईल.

मग विद्यार्थ्याने करावे काय? नवा वाक्प्रचार भेटताच तो नुसता पाठ करू नये. त्यामागील चाल कोणती, हे आधी विचारावे, आणि मग हेच आपल्या घरी कसे म्हणतात ते शोधावे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात, तसेच बाबा पदमनजी यांनी १८६३ साली सिद्ध केलेल्या त्याच्या संक्षेपात, या कामी पुष्कळ साहाय्य मिळते. परंतु कोशाहून जवळचे साहाय्य घरीच आहे. आपणांस इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासात आपला उपयोग नाही, असे पुष्कळ पालकांस वाटते. ही समजूत बरोबर नव्हे. मुलाने इंग्रजी म्हणीचा अर्थ सांगावा आणि आईने अथवा आजीने तिची मराठी जोडीदारीण काढून द्यावी. ज्याची मराठी संपन्न, त्यास इंग्रजीचे मर्म लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी एक वाक्प्रचार. एका रोमन गृहस्थाने पत्नीस सोडले. मित्रांनी दोष दिला, तेव्हा त्याने आपला जोडा पुढे करून म्हटले की, हा नवा व सुबक आहे खरा, परंतु तो मला कोठे चावतो हे तुम्हांपैकी कोणासही ठाऊक नाही. प्लुटार्कने ही कथा दिली आहे. त्यावरून ‘द वेअरर नोज व्हेअर द शू पिंचेस’ ही म्हण सांगतात. आपण म्हणतो, ‘ज्याचे जळते त्याला कळते.’ सोबत्याच्या चुकीस हसण्यापूर्वी आपल्या वर्गाने ही म्हण आठवावी. तो मुलगा आता तासास प्रश्न विचारतो, आणि त्याची आजी त्यास रोज एक म्हण पुरविते!