कसणाऱ्याची जमीन आणि पेटींतील कागद

जमीन एकाची व कष्ट दुसऱ्याचे, अशी व्यवस्था जुन्या मुंबई इलाख्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आली. कुळानें नांगर धरावा, पीक काढावें, मालकाच्या घरीं खंड पोंचवावा आणि उरेल त्यावर वर्ष कंठावें. पुढील वर्षीं तेंच शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसतां बांधबंदिस्ती करण्यास किंवा विहीर खणण्यास तें कोणत्या भरंवशावर धजेल? कुळाच्या आळसास नांवें ठेवणाऱ्यांनीं या अनिश्चिततेचा विचार क्वचितच केला.

1948 चा कुळवहिवाट कायदा व त्याची 1956 मधील दुरुस्ती यांनीं ही स्थिति पालटूं पाहिली. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशीं जमीन कसणारें कूळ तिचें खरेदीदार मानलें गेलें. सामान्य कुळासाठीं किंमत साऱ्याच्या 20 ते 200 पटींच्या मर्यादेंत ठरावयाची होती व ती हप्त्यांनीं फेडण्याची सवलत होती.

परंतु कायद्यानें दिलेलें सर्वच पदरांत पडलें असें नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर व त्यांचे सहकारी यांची पाहणी 1957 मध्यें प्रसिद्ध झाली. अनेक कुळांनीं 'राजीखुषीनें' जमिनी सोडल्याची नोंद तींत आहे. त्यांतील पुष्कळांची राजीखुषी संशयास्पद होती. शिवाय मालक विधवा किंवा अज्ञान असल्यास कुळाचा खरेदीहक्क लांबणीवर पडे व पुढें मुदतींत रीतसर कळविण्याची जबाबदारी कुळावर येई. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यानें ही मुदत कशी सांभाळावी?

हा प्रश्न आपल्या घरांशीं निगडित आहे. खंड घेणारांत सुशिक्षित कुटुंबें पुष्कळ होतीं. खंडावरच ज्यांचा चरितार्थ चाले, त्या विधवांचे हाल झाले हेंही खरें. तथापि जमीन गेली तरी आपल्या मुलांपाशीं विद्या राहिली. जमीन न मिळालेल्या कुळाच्या मुलांपाशीं काय राहिलें?

कुळहक्काचे वाद कोठें कोठें अद्याप चालू आहेत. जुन्या कबुलायती, खंडाच्या पावत्या व वहीखातीं आपल्या माळ्यावरील पेट्यांत पडून असतील. कुळाचा नातू तीं पाहावयास आला, तर घरांतील कर्त्या माणसांनीं टाळाटाळ न करितां तीं त्याच्यापुढें ठेवावीं व वाचूनही दाखवावीं. ज्या हातांनीं आपलीं कोठारें भरलीं, त्यांच्या नातवंडांचें एवढें देणें आपण लागतों.