एक शेख, तीन नोंदी

निकाल लागले की ओळखीची मुलं पेढे घेऊन घरी येतात. एम.सी.ए. झालेला मुलगा हातावर पेढा ठेवतो आणि पाठोपाठ विचारतो, "चाचा, आता पुढं काय करू?" मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण हा प्रश्न निव्वळ संगणकाचा नाही, म्हणून चार शब्द सांगतो.

माहिती प्रणाली म्हणजे नुसतं यंत्र नव्हे. माहिती कोण देतो, कोण नोंदवतो, कोण तपासतो आणि ती कुणाच्या कामी येते, ही सगळी साखळी म्हणजे प्रणाली. आपला सातबाराच पाहा. गाव नमुना सातवरून जमीन कुणाची ते कळतं, नमुना बारावरून पीक कोणतं ते. संगणक येण्याआधीही ही प्रणाली होतीच. ती तलाठ्याच्या दप्तरात होती.

आता 'शेख' घ्या. आपल्याकडं तो बहुधा नावाआधी लागतो, वडिलांच्या नावाआधी पुन्हा लागतो. दुसऱ्या कागदावर तोच आडनाव होऊन शेवटी जातो. रोमन लिपीत एके ठिकाणी त्यात 'ए-आय' येतो, दुसरीकडं 'ई-आय', तिसरीकडं नुसती 'एस-के' ही दोन अक्षरं. गावाला माणूस एकच, संगणकाला मात्र तिघं दिसतात. मग अनुदान अडकतं आणि एखादी म्हातारी तालुक्याला खेटे घालत राहते. यंत्रानं सांगितलं तेवढंच केलेलं असतं. नाव जुळलं नाही तर अर्ज कुणाकडं जावा, हे आधी ठरवायला हवं होतं. ते ठरवणं हेच तुमचं शिक्षण.

आपल्या भागात ही गुंतागुंत जुनी आहे. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं लागली. कागद न समजता तो संगणकात भरला, तर चूकच पक्की होते.

म्हणून मुलांनो, पुण्याला जरूर जा. इन्फोसिससारखी कंपनी 1981 साली पुण्यातच सुरू झाली. पण पहिलं काम चाचणीचं किंवा तक्रारी सोडवण्याचं मिळालं तर हिरमुसू नका. प्रणाली कुठं मोडते ते तक्रार ऐकणाऱ्यालाच आधी कळतं. एम.सी.ए. 2020-21 पासून तीनऐवजी दोन वर्षांचं झालं आहे. व्यवहार शिकायला वर्गात वेळ कमीच. सरधोपट प्रोग्रॅम आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते. पीकपेरा म्हणजे काय, वारसाची नोंद का रखडते, हे ज्यानं घरात पाहिलं आहे, त्याची शिदोरी वेगळी आहे. तिची लाज बाळगू नका.

मुलाखतीआधी एक लहान काम पुरं करा. आडत दुकानाचा हिशेब घ्या, नाहीतर वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव. ते महिनाभर कुणाला तरी खरोखर वापरू द्या. काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं, ते वहीत लिहा. मुलाखतीत तेच सांगा. आणि नोकरीसाठी अनामत मागणारा किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा भेटला, तर उठून या. बापानं कर्ज काढून फी भरलेली असते. दुसऱ्यांदा त्याला कर्जात घालू नका.

तोवर एक करा. आजीचा सातबारा, आधार कार्ड आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. तिन्हींत नाव सारखं आहे का पाहा. नसेल, तर तुमचं पहिलं काम घरातच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)