एक कोंबडी, तीन भाव : घरच्या चिकनचा खरा हिशेब

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख, म्हणजे ३७ टक्के, परसातले होते. २०१२ ते २०१९ या काळात व्यावसायिक फार्मवरच्या पक्ष्यांची संख्या ४.५ टक्क्यांनी वाढली, तर परसातल्या पक्ष्यांची जवळपास ४६ टक्क्यांनी. महाराष्ट्रात याच काळात एकूण पक्षी ७ कोटी ७८ लाखांवरून ७ कोटी ४३ लाखांवर घसरले.

तरीही परसातली वाढ पाहता घरी कोंबड्या पाळण्याची ओढ देशभर वाढते आहे. आता गावातच नव्हे, तर शहराच्या वेशीवर दोन-चार गुंठे जागा असलेली कुटुंबेही ‘घरचं चिकन’ करून पाहू लागली आहेत. त्यामागे दोन अपेक्षा असतात: चिकन स्वस्त पडेल आणि खात्रीचे मिळेल. यातली दुसरी अपेक्षा पूर्ण होऊ शकते. पहिलीचे काय होते, ते वहीत मांडून पाहावे लागते.

पक्षी कोणता?

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या कोंबड्यांचे वंश एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहिले. ५६व्या दिवशी १९५७च्या वंशाचा पक्षी ९०५ ग्रॅमचा होता, १९७८चा १,८०८ ग्रॅमचा आणि २००५चा ४,२०२ ग्रॅमचा. खाद्य तेच असूनही वजनात साडेचार पटींहून अधिक फरक पडला, तो निवड पद्धतीने केलेल्या पैदाशीमुळे. ‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात’ हा समज आजही घट्ट आहे. ही वाढ पक्ष्याच्या वंशातच आहे, हे या प्रयोगातून स्वच्छ दिसते.

आपल्याकडे घरगुती संगोपनासाठी दोन वाटा आहेत. पहिली ब्रॉयलरची. एक दिवसाचे ४० ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचे होते. दुसरी वाट सुधारित गावरानाची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा ही त्यातली ओळखीची नावे. वनराजाचे पिल्लू सहा आठवड्यांत जेमतेम ७०० ते ८५० ग्रॅम भरते, पण पुढे परसात चरून वाढते आणि त्याची मादी अंडीही देते.

वीस पिल्लांची बॅच

आधी ब्रॉयलर घेऊ. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून वाचकांनी हीच मांडणी पुन्हा करावी.

- पिल्ले : २०, प्रत्येकी ४० रुपये = ८०० रुपये
- मर : १ पक्षी, पहिल्या आठवड्यात
- ४२व्या दिवशी : १९ पक्षी, सरासरी २.२ किलो = ४१.८ किलो जिवंत वजन
- खाद्य : एक किलो वजनाला १.९ किलो, म्हणजे ७९.४ किलो, ४२ रुपये किलोने = ३,३३६ रुपये
- तूस, वीज, लस, औषध = ६०० रुपये
- एकूण खर्च = ४,७३६ रुपये

खर्चात खाद्याचा वाटा ७० टक्के आहे. घरचा रूपांतर दर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) १.९ धरला आहे, कारण बंदिस्त आणि सराईत फार्मवर जो १.६च्या आसपास येतो तो नवख्या माणसाला घरी साधत नाही. फार्मवाला खाद्य टनाने उचलतो आणि आपण गोणीने. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठीची मिळते. ती वीस पिल्लांसाठी फोडली तरी पैसे पूर्ण कुपीचे जातात.

आता या ४,७३६ रुपयांना भागायचे कशाने? बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

- जिवंत वजनाने (४१.८ किलो) : किलोला ११३ रुपये
- पिसे, रक्त, डोके, पाय, आतडी काढून, त्वचेसह (७० टक्के, २९.३ किलो) : १६२ रुपये
- त्वचाही काढून (सुमारे ६२ टक्के, २५.९ किलो) : १८३ रुपये

कोंबडी तीच आणि खर्चही तोच, तरी भाव तीन. घरचा ११३चा आकडा दुकानातल्या सोललेल्या चिकनच्या भावाशेजारी ठेवला की निम्म्याने बचत झाल्यासारखी वाटते. दुकानात सोललेले चिकन मिळते, म्हणून तुलना १८३शीच व्हायला हवी. दुकानाचा भाव २४० रुपये धरला तर किलोमागे ५७ रुपये आणि सगळ्या बॅचमागे सुमारे १,४८० रुपये सुटतात. रोज एक तास पिल्लांपाशी आणि शेवटी कापणी-सफाईला आठ तास, असे ५० तास लागले तर तासाला ३० रुपयेही पडत नाहीत. शेड, फीडर आणि ड्रिंकरचा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

पैसा गळतो कुठे?

पहिली गळती फीडरमध्ये. रूपांतर दर १.९ऐवजी २.२ झाला तर खाद्य साडेबारा किलो जास्त लागते आणि सोललेले चिकन १८३ऐवजी २०३ रुपयांना पडते. फीडर काठोकाठ भरला की पक्षी चोचीने खाद्य उडवतात. तो अर्धाच भरावा आणि त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवावी. पक्षी वाढतील तशी उंचीही वाढवत न्यावी.

दुसरी गळती उशिरा होणारी मर. समजा एकाऐवजी तीन पक्षी गेले. तिन्ही पहिल्या आठवड्यात गेले तर चिकन १८९ रुपयांना पडते. त्यातले दोन पाचव्या आठवड्यात, प्रत्येकी तीन किलो खाद्य खाऊन गेले, तर भाव २००वर जातो. म्हणूनच सुरुवातीच्या काळजीइतकीच शेवटच्या पंधरवड्याची राखण मोलाची आहे.

तिसरी गळती म्हणजे ‘अजून थोडी वाढू दे’ हा मोह. सहाव्या आठवड्यानंतर ब्रॉयलरच्या वाढीव प्रत्येक किलोला दोन किलोहून अधिक खाद्य लागते. पायांवर आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच. ठरलेल्या दिवशी कापणी करणे हिशेबालाही धरून आहे आणि पक्ष्यालाही कमी त्रासाचे आहे.

सहा आठवड्यांचे आकडे

ऊब : पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३५ अंश सेल्सिअस, नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी. पिल्लामागे २ वॅट असा साधा ठोकताळा आहे. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी पडते आहे. दूर जाऊन चोच उघडून बसली असतील तर जास्त होते आहे.

जागा : पक्ष्यामागे किमान १ चौरस फूट, घरी दीड चौरस फूट द्यावी. खाली भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी. ती रोज हलवावी. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे आणि तो पक्ष्यांच्या फुफ्फुसातही जातो आहे.

खाद्य : भारतीय मानकानुसार वाढीच्या टप्प्यांप्रमाणे द्यायच्या खाद्यांत, म्हणजे प्री-स्टार्टरमध्ये २३ टक्के, स्टार्टरमध्ये २२ टक्के आणि फिनिशरमध्ये २० टक्के प्रथिने हवीत. मक्याचा भरडा आणि उरलेला भात एवढ्यावर ब्रॉयलर वाढत नाही.

पाणी : खाद्याच्या दुप्पट. शेवटच्या आठवड्यात १९ पक्षी रोज साडेतीन किलोच्या आसपास खातात आणि सात लिटर पाणी पितात.

लस : मरेक्सची लस हॅचरीतच दिलेली असावी, पिल्ले घेताना विचारून घ्यावे. ५व्या ते ७व्या दिवशी मानमोडीची लासोटा, १४व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो आणि पुढे लासोटाचा दुसरा डोस. वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकाकडून पक्के करून घ्यावे.

हंगाम : कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पहिली बॅच घेऊ नये. आखाडासाठी पक्षी हवे असतील तर सहा आठवडे मागे मोजून पिल्ले आणावी लागतात आणि ती तारीख उन्हाळ्यात येते. नवख्याने दिवाळीनंतरची थंडी निवडावी.

कापणीचा दिवस

कापणीआधी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र चालू. आतडी रिकामी असली की फुटून मांस खराब होण्याचा धोका कमी होतो. पक्षी रात्री किंवा पहाटे अंधारात, शांतपणे धरावेत. सुरी धारदार हवी. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका सफाईदार कापात तुटल्या पाहिजेत. बोथट सुरीने पक्ष्याचे हाल करण्याचा हक्क कोणालाही नाही. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याने हे काम जाणत्या माणसाकडून शिकूनच करावे.

रक्त २ ते ३ मिनिटे निथळू द्यावे. मग ५८ ते ६० अंशांच्या पाण्यात एक ते दोन मिनिटे बुडवले की पिसे सहज सुटतात. उकळते पाणी वापरले तर त्वचा शिजून फाटते. म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक घ्यावा. अंदाजावर विसंबू नये. आतडी काढताना कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटता कामा नये. कलेजी आणि पेटा वेगळे ठेवावेत.

त्यानंतरचा टप्पा घरोघरी वगळला जातो : थंड करणे. मांस धुऊन लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावे आणि आतपर्यंत ४ अंशांवर आणावे. ५ ते ६० अंशांच्या टापूत जिवाणू झपाट्याने वाढतात. फ्रिजमध्ये काही तास, शक्यतो रात्रभर, ठेवल्यास ताठर झालेले स्नायू सैल पडतात आणि मांस मऊ शिजते. लांब साठवणीसाठी उणे १८ अंश. शिजवताना सर्वांत जाड तुकड्याच्या आत ७४ अंश गाठले गेले पाहिजेत.

पिसे आणि आतडी खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावीत. उघड्यावर टाकली तर कुत्री येतात, मागोमाग रोग येतो आणि शेजाऱ्यांशी वैर होते ते वेगळेच. चार शेजाऱ्यांना चिकन विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतची कापणी त्या कायद्यात लहान व्यवसायाच्या वर्गात येते.

औषध आणि साथ

घरच्या चिकनची खात्री नेमकी कशात आहे? काय खाऊ घातले आणि कोणते औषध कधी दिले, हे वहीत लिहिलेले असते त्यात. केंद्राने जुलै २०१९मध्ये पशुखाद्यात आणि कुक्कुटपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, कारण माणसावरच्या उपचारात ते शेवटच्या फळीचे औषध आहे. दुकानदाराने दिले म्हणून पिल्लांच्या पाण्यात प्रतिजैविक घालणाऱ्या घरच्या चिकनला ‘शुद्ध’ म्हणता येणार नाही. पक्षी आजारी पडला आणि पशुवैद्यकाने औषध दिले, तर पुडक्यावर लिहिलेला थांबण्याचा काळ संपेपर्यंत तो कापू नये.

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये झाला. सरकारी कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट केले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. त्या वर्तुळात परसातले वीस पक्षीही येतात. एकाएकी तीन-चार पक्षी दगावले तर ते खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. १९६२ या क्रमांकावर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

गावरानाचा हिशेब

आता वनराजासारखा पक्षी घेऊ. पहिले सहा आठवडे दोन किलो तयार खाद्य (८४ रुपये), पुढचे आठ आठवडे चरणे आणि रोज ४५ ग्रॅम धान्य (सुमारे ६३ रुपये), पिल्लू ४० रुपये, बाकी ३० रुपये. एकूण २१७ रुपये. सहा आठवड्यांनी परसात सोडताच मुंगूस, मांजर आणि घार यांनी वीसपैकी तीन नेले असे धरले तर उरलेल्या प्रत्येकावर सुमारे २४० रुपये पडतात. १४ आठवड्यांचा नर १.६ किलोचा, सोललेले मांस ९६० ग्रॅम. किलोला २५० रुपये.

हा आकडा घरच्या ब्रॉयलरपेक्षा मोठा आहे, पण त्याची तुलना बाजारातल्या गावरानाशी करायची. त्याचा भाव साधारणपणे ब्रॉयलरच्या दीड ते दोनपट असतो. म्हणजे इथे किलोमागे शंभर रुपयांहून अधिक सुटतात. माद्या राखल्या तर परसातल्या संगोपनातही वर्षाला शंभरावर अंडी मिळतात. देशी कोंबडी ५० ते ६०वर थांबते.

निकाल स्पष्ट आहे. पैसे वाचवण्यासाठी घरी ब्रॉयलर पाळू नये. ते काम मोठे फार्म आपल्यापेक्षा स्वस्तात करतात. जागा, कुंपण आणि रोजचा वेळ असेल तर सुधारित गावरान वीसच्या संख्येने सुरू करावा, नर खावेत आणि माद्या राखाव्यात. पिल्ले आणण्याआधी मात्र एक वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर चार रकाने आखावेत : खाद्य, मर, औषध, वजन.