चारचाकीचे ब्रेक होज : काय पाहावे, कधी बदलावे?

पावसाळा संपला की शेतावर ये-जा करणाऱ्या गाडीची सर्व्हिसिंग होते. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड बदलले जातात. ब्रेकचे रबरी होज मात्र क्वचितच कोणी पाहते. गाडी सात-आठ वर्षांची असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा एखादे चाक विनाकारण तापत असेल, तर घाटातून कुटुंबाला घेऊन जाण्याआधी हे होज पाहून घ्या.

ब्रेक दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधला दाब लोखंडी पाइपने चाकाकडे जातो. पण चाक वर-खाली होते, पुढचे तर वळतेही. तिथे लोखंडी पाइप टिकणार नाही, म्हणून शेवटचा तुकडा रबरी होजचा असतो. पुढे प्रत्येक चाकाला एक, मागे गाडीप्रमाणे एक किंवा दोन. आत रबरी नळी, तिच्यावर धाग्याची वीण आणि बाहेरून पुन्हा रबर, अशी त्याची रचना असते. आपला एचटीपी फवारणी पंप साधारण २० ते ३५ किलो दाबावर चालतो. जोरात ब्रेक मारल्यावर या बारीक होजमध्ये १०० किलोच्या आसपास दाब येऊ शकतो. त्यामुळे फवारणीच्या नळीला जोड देऊन क्लॅम्प आवळतो, तो जुगाड इथे अजिबात करू नका.

तेलाचा फवारा : सर्वांत मोठे नुकसान

गाडी धुतल्यावर गंज लागू नये म्हणून खालून डिझेल किंवा जळालेले इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, पण होजसाठी ते विषच. आजच्या बहुतेक गाड्यांत होजचे रबर ईपीडीएम प्रकारचे असते. ऊन, पाणी आणि ब्रेक ऑइल ते चांगले सोसते. खनिज तेलाने मात्र फुगते आणि मऊ पडते. इथे नावामुळे घोळ होतो. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण डॉट ३ किंवा डॉट ४ हे खनिज तेल नसून ग्लायकॉलवर आधारित द्रव आहे. म्हणून ट्रॅक्टरसाठी आणलेले तेल गाडीच्या ब्रेकच्या डबीत कधीही ओतू नका. होजच नव्हे, आतली सगळी रबरी सीले खराब होतात. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘खालून ऑइल मारू नका’ असे स्पष्ट सांगा.

आपल्याकडचे आणखी दोन शत्रू म्हणजे उंदीर आणि खते. गोठ्याशेजारी आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीचे होज उंदरांनी कुरतडलेले आढळतात. पोटॅश म्हणजे एमओपी हे क्लोराइड क्षार आहे. गोणी फुटून ते खाली सांडले असेल, तर होजच्या धातूच्या टोकांना लवकर गंज चढतो. अशा वेळी खालून भरपूर साधे पाणी मारा.

पाहणी कशी करावी?

ही पाहणी घरीच करता येते. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड लावून उभी करा. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की पुढचा होज दिसतो. कापडाने पुसून बोटांनी हलकेच वाकवा. भेगा, टायरला किंवा पाट्याला घासल्याच्या खुणा, फुगवटा, धातूच्या टोकाजवळचा ओलावा, यांपैकी काहीही दिसले तर होज बदलायचा. मग इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक जोरात दाबायला सांगा. त्या क्षणी होज फुगताना दिसला तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. गाडीखाली जायचे असेल तर फक्त जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

काही होज बाहेरून ठणठणीत आणि आतून खराब असतात. ठिबकची नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून क्षारांनी बंद झालेली असते, तसेच. आतले रबर सुटले की दाब चाकापर्यंत जातो, पण परत येत नाही. ब्रेक सोडला तरी चाक धरून राहते, तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. चाक धरलेले असताना ब्लीडर स्क्रू थोडा सैल केल्यावर द्रव उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता हे नक्की. पुन्हा चाक धरले की होजच्या आधीचा लोखंडी पाइपचा जोड सैल करून पाहतात. तिथे चाक सुटले तर दोष वरच्या बाजूला. सुटले नाही तर होज बंद आहे. ही परीक्षा मेकॅनिककडूनच करून घ्या. कित्येकदा ती न करताच महागडा कॅलिपर बदलला जातो.

बदलताना समोर उभे राहा

बदलण्याचे काम स्वतः करू नका, असे माझे मत आहे. पण लक्ष ठेवा. होज त्याच मॉडेलचा, आयएस ७०७९ मानकाचा आणि एका ॲक्सलवर दोन असतील तर दोन्ही बाजूंचे बदलावेत. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीनच हवेत. होज पिळलेला नसावा. अनेक होजवर लांबीने रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. कॅलिपर काढल्यावर तो होजला लोंबकळत न ठेवता तारेने बांधायला सांगा. पॅड बदलतानाही हीच चूक होते आणि चांगला होज आतून तुटतो.

नंतर हवा काढताना डबीतला द्रव तळाला जाऊ देऊ नये. एबीएस असलेल्या काही गाड्यांना यासाठी स्कॅनर लागतो, म्हणून गॅरेजमध्ये तो आहे का हे आधीच विचारा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढते, म्हणून सीलबंद डबाच वापरा. उघडून ठेवलेला अर्धा डबा नको. शेवटी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे घासत नाही ना ते पाहा, ब्रेक दाबून जोड कोरडे आहेत का तपासा आणि पहिली चाचणी मोकळ्या जागेत हळू वेगाने घ्या.

काढलेला द्रव बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. पाण्याच्या बाटलीतही भरून ठेवू नका. तो पोटात गेल्यास विषबाधा होते. गॅरेजमध्येच जमा करा.